एकाच नकाशावरचे शेजारी

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका ज्यांनी पाहिली, त्यांना वेक्ना चांगलाच ठाऊक असेल. मालिकेतली पोरं आपल्या गावावर आलेल्या संकटाला हे नाव देतात ते त्यांच्या लाडक्या खेळातून, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधून. खेळात वेक्ना आला १९७६ साली, ‘एल्ड्रिच विझर्ड्री’ नावाच्या एका पुरवणीतून. पण तेव्हाही तो कोरा करकरीत नव्हताच. जॅक व्हान्स या अमेरिकन लेखकाच्या आडनावाची इंग्रजी अक्षरं पुढंमागं केली की ‘वेक्ना’ तयार होतो. व्हान्सच्या ‘द डाइंग अर्थ’ या १९५० च्या पुस्तकातले जादूगार मंत्र घोकून पाठ करतात आणि मंत्र एकदा म्हटला की तो डोक्यातून साफ पुसला जातो. ही कल्पना खेळ रचणाऱ्यांनी उघड उघड उचलली आणि लेखकाचं नाव एका दुष्ट जादूगाराच्या रूपात खेळात अजरामर करून टाकलं.

कादंबरीतून खेळात, खेळातून टीव्हीच्या पडद्यावर. या खेळांचा पन्नास वर्षांचा इतिहास म्हणजे अशा उसनवारीची साखळी आहे. आणि तिच्यातली सगळ्यात मजेची कडी ही की, उसनं घेणारे आणि देणारे पुष्कळदा एकाच टेबलाभोवती बसलेले असत.

आधी हा खेळ चालतो कसा, ते पाहू. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक जण सूत्रधार, ज्याला ‘डंजन मास्टर’ म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात: कुणी योद्धा, कुणी चेटकीण, कुणी चोर. सूत्रधार सांगतो, “दार अर्धवट उघडं आहे, आतून ओल्या लोकरीचा वास येतोय. काय करताय?” मग खेळाडू ठरवतात. पळायचं, लढायचं, आतल्याशी गोड बोलायचं की दाराला बाहेरून कडी घालायची. जमलं की फसलं याचा निकाल वीस बाजूंचा फासा देतो. जिंकण्या-हरण्याचा इथं प्रश्नच नाही, गोष्ट पुढं जात राहते. अट एकच. सूत्रधाराकडं एक अख्खं जग तयार हवं. कारण खेळाडू कुठल्या क्षणी कुठल्या गल्लीत शिरतील आणि तिथल्या खानावळवाल्याला काय विचारतील, याचा नेम नसतो.

हा प्रकार एका माणसाच्या डोक्यातून निघाला असता तर समजण्यासारखं होतं. तो निघाला एकमेकांवर कुरघोडी करणाऱ्या मित्रांमधून.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या मिनीॲपोलिस-सेंट पॉल या जोडशहरांत साठच्या दशकात युद्धखेळांचा नाद असलेली काही तरुण मंडळी होती. टेबलावर शिशाचे इवलेसे सैनिक मांडायचे आणि नेपोलियनच्या लढाया पुन्हा लढायच्या, हा त्यांचा शनिवार-रविवार. त्यांच्यातल्या डेव्हिड वेस्लीला विद्यापीठाच्या ग्रंथालयात चार्ल्स टॉटनचं ‘स्ट्रॅटेगॉस’ हे १८८० चं जुनं पुस्तक सापडलं. त्यात एक सूत्र होतं: खेळाडूला जे सुचेल ते करू द्यावं, ते जमेल का हे पंचानं ठरवावं. वेस्लीनं १९६९ मध्ये ब्राउनश्टाइन नावाचं काल्पनिक प्रशियन गाव मांडलं आणि प्रत्येकाला फौजेऐवजी एकेक माणूस दिला. एक जण महापौर, एक सावकार, एक विद्यापीठाचा कुलपती. झालं! मंडळी कोपऱ्यात जाऊन कुजबुजायला लागली, आपसांत गुपचूप करार व्हायला लागले, लढाई राहिली बाजूला. वेस्लीला वाटलं, खेळ पुरता फसला. खेळाडू मात्र विचारत होते, पुढचा कधी?

पुढच्यांपैकी एक डाव दक्षिण अमेरिकेतल्या एका काल्पनिक हुकूमशाही देशात रंगला. डेव्ह आर्नेसन नावाच्या खेळाडूला क्रांतिकारक विद्यार्थ्याची भूमिका मिळाली होती. पठ्ठ्या घरून सीआयएचं खोटं ओळखपत्र बनवून घेऊनच आला! आपण खरे तर सीआयएचे गुप्तहेर आहोत, असं त्यानं टेबलावरच्या एकेकाला असं काही पटवलं की लोकांनी देशाचा खजिना आपण होऊन त्याच्या हवाली केला. नियमांत असलं काही लिहिलेलंच नव्हतं. पण नियमांत नाही म्हणून करता येत नाही, असंही कुठं लिहिलेलं नव्हतं. या खेळाची सारी गंमत इथं आहे.

वेस्लीला लष्करात बोलावणं आलं आणि सूत्रधाराची खुर्ची आर्नेसनकडं आली. १९७१ च्या सुमारास नेहमीच्या नेपोलियनी लढाईसाठी म्हणून त्याच्या तळघरात मित्र जमले, तर टेबलावर मध्ययुगीन किल्ल्याचं प्लास्टिकचं मॉडेल! हे ब्लॅकमूर. किल्ल्याखाली भुयारं, भुयारांत राक्षस आणि सोनंनाणं. सोनं शोधायला खेळाडू भुयारांत इतके रमले की वरचा किल्ला शत्रूनं कधी जिंकला ते त्यांना कळलंसुद्धा नाही. हा शत्रूही कुणी परका नव्हता. विरुद्ध बाजूनं खेळणारे त्यांचेच मित्र होते.

आता या गोष्टीतला दुसरा माणूस. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचं तळ्याकाठचं छोटं गाव आहे. तिथं राहणाऱ्या गॅरी गायगॅक्सनं १९६८ मध्ये ‘जेन कॉन’ हा युद्धखेळवाल्यांचा मेळावा सुरू केला होता. पुढच्याच वर्षीच्या मेळाव्यात त्याची आणि आर्नेसनची गाठ पडली आणि दोघांनी मिळून शिडाच्या युद्धनौकांच्या खेळावर काम सुरू केलं. पत्रव्यवहारातून चालणारं मध्ययुगप्रेमींचं एक मंडळ होतं, ‘कॅसल अँड क्रुसेड सोसायटी’. या मंडळानं ‘ग्रेट किंगडम’ नावाच्या काल्पनिक राज्याचा नकाशा आखला आणि सभासदांना त्यातले मुलूख वाटून दिले. आर्नेसननं थंडगार उत्तरेचा तुकडा घेऊन तिथं ब्लॅकमूर वसवलं. गायगॅक्सचा मुलूख त्याच नकाशावर. एकाच शिवारात बांधाला बांध लागून दोघांची शेतं असावीत तसं हे होतं: ज्याचं पीक त्याचं, पण शेजाऱ्यानं यंदा काय पेरलंय यावर दोघांचीही नजर.

पेरणीत उसनवारी तर होतीच. गायगॅक्सनं जेफ पेरेनबरोबर १९७१ मध्ये ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचं नियमपुस्तक काढलं होतं. त्याच्या शेवटी ड्रॅगन, जादूगार यांच्यासाठी एक पुरवणी होती. आर्नेसननं ब्लॅकमूरसाठी ती वापरायला घेतली. पण चेनमेलमध्ये एका फटक्यात माणूस खलास. जीव लावून वाढवलेलं पात्र असं पटकन मेलेलं खेळाडूंना कसं चालणार? आर्नेसननं उपाय शोधला तो नौकायुद्धाच्या खेळात. जहाज एका गोळ्यात बुडत नाही, घाव सोसत सोसत बुडतं. तोच हिशेब त्यानं माणसाला लावला. आज मोबाइलवर खेळणारं कुठलंही पोरगं आपल्या हिरोची ‘हेल्थ’ किती उरली ते बघतं. त्या पट्टीचं मूळ असं लढाऊ जहाजांत आहे.

१९७२ च्या अखेरीस आर्नेसन आणि डेव्ह मेगॅरी गाडी काढून लेक जिनीव्हाला गेले. गायगॅक्सच्या घरी, त्याच्या मित्रांना घेऊन आर्नेसननं ब्लॅकमूरचा एक डाव घातला. तो संपला आणि गायगॅक्सनं नियम मागितले. आर्नेसनकडून आली विसेक पानांची टिपणं, त्यातली बरीचशी त्याची त्यालाच कळतील अशी. गायगॅक्सनं त्यांवरून पन्नास पानांचा मसुदा टाइप केला, पुढं तो कितीतरी फुगवला. पण नुसते नियम लिहून त्याचं समाधान होईना. शेजाऱ्याकडं भुयारांचा किल्ला आहे, मग आपल्याकडं का नको? त्यानं ग्रेहॉकचा किल्ला रचला. त्यात पहिली पावलं टाकली त्याच्या दोन मुलांनी, अर्नी आणि एलीस यांनी. जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला. एका खोक्यात तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर, प्रती एक हजार. वर्षाच्या आत सगळ्या खपल्या.

त्या खोक्यात जग मात्र नव्हतं! राक्षसांची यादी होती, मंत्र होते, खजिन्याचे तक्ते होते. पण राज्यं, नद्या, देव, बाजारपेठा, हे ज्यानं त्यानं आपलं आपण रचायचं. खेळ विकत घेणारा प्रत्येक सूत्रधार त्यामुळं आपोआप विश्वकर्मा ठरला. पुढच्या पाच-सात वर्षांत काल्पनिक जगांचं जे रान माजलं, त्याचं एक मोठं कारण हे रिकामं ठेवलेलं पान आहे.

लेक जिनीव्हात तर एक अफलातून पद्धत रुळली. यजमान आणि पाहुणा यांची अदलाबदल. रॉब कुंट्झ हा जेमतेम अठरा वर्षांचा पोरगा गायगॅक्सच्या ग्रेहॉकमध्ये रॉबिलार नावाचा योद्धा घेऊन खेळे. पण त्यानं स्वतःचाही एक किल्ला रचला होता आणि तिथं गायगॅक्स मॉर्डेन्कायनेन नावाचा जादूगार घेऊन पाहुणा म्हणून जाई. हा मॉर्डेन्कायनेन पुढं ग्रेहॉकमधला सगळ्यात नामांकित जादूगार झाला. म्हणजे गायगॅक्सच्या जगाचा मानकरी वाढला तो कुंट्झच्या भुयारांत! बिग्बीचं तर आणखी मजेदार. तो मुळात कुंट्झच्या किल्ल्यातला दुष्ट जादूगार. मॉर्डेन्कायनेननं त्याला मोहिनी घालून वश केलं आणि पुढं तो गायगॅक्सचंच पात्र बनला. आजही खेळात बिग्बीच्या नावाचा, हवेत महाकाय पंजा उभा करणारा मंत्र आहे.

रॉबिलारनं एकदा सगळ्यांना गुंगारा देऊन एकट्यानंच ग्रेहॉकच्या भुयारांचा तळ गाठला. अर्नीचं पात्र टेन्सर, त्याला हा दिसेना म्हणून तो माग काढत गेला. त्यांच्या मागोमाग रॉबचा भाऊ टेरी आपल्या टेरिकला घेऊन उतरला. सगळ्यात खालच्या मजल्यावर काय वाढून ठेवलं असेल? गायगॅक्सनं तिथं एक घसरगुंडी ठेवली होती. तिघंही एकामागोमाग एक घसरत पृथ्वीच्या आरपार, थेट चीनच्या बाजूला जाऊन पडले! हुशार खेळाडूला यजमानानं दिलेली ही मिश्कील दाद होती.

खेळाडूंची नावंही मंत्रांना चिकटली. टेन्सर हे अर्नेस्ट या नावाच्या अक्षरांचीच उलटापालट, आणि टेन्सरची तरंगती थाळी आजही जादूगार ओझं वाहायला वापरतात. ड्रॉमिज म्हणजे इंग्रजीत उलटा वाचलेला जिम वॉर्ड. जगभरातली मुलं जे मंत्र पाठ करतात, ते या अर्थानं एका छोट्या गावातल्या मित्रांचं हजेरीपत्रक आहे.

लेक जिनीव्हाबाहेर स्पर्धा जरा तिखट होती. ॲरिझोनातल्या केन सेंट आंद्रेनं नवा खेळ वाचला आणि त्याला कल्पना आवडली, नियम डोक्यावरून गेले. वीस बाजूंचे फासे आणायचे कुठून, हाही प्रश्नच. त्यानं १९७५ मध्ये साध्या सहा बाजूंच्या फाशांवर चालणारा ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ रचला. या खेळासाठी १९७६ मध्ये एकट्यानं खेळायचं पहिलं साहस निघालं, ‘बफेलो कॅसल’. आता मित्र जमले नाहीत तरी अडत नव्हतं. कॅलिफोर्नियातला स्टीव्ह पेरिन तर खरोखरच वेताच्या तलवारी घेऊन मध्ययुगीन द्वंद्वं खेळणाऱ्या मंडळाच्या संस्थापकांपैकी. त्याला डंजन्स अँड ड्रॅगन्समधली लढाई लढाई वाटेना. सुरुवातीला त्यानं त्याच खेळासाठी स्वतःच्या दुरुस्त्या वाटल्या, मग सहकाऱ्यांबरोबर १९७८ मध्ये ‘रूनक्वेस्ट’ काढला. त्यात वार कुठं बसला, हातावर की पायावर, हेही बघायचं. या क्षेत्रात एखाद्याशी मतभेद झाला तर टीका लिहीत बसण्यापेक्षा लोक नवा खेळच काढत.

‘रूनक्वेस्ट’ घडतो ग्लोरान्था नावाच्या जगात. ते ग्रेग स्टॅफर्डचं. १९६६ पासून, विस्कॉन्सिनमधल्याच बेलॉइट कॉलेजात शिकत असताना तो या जगाच्या दंतकथा लिहीत होता, म्हणजे खेळाचा पत्ताही नव्हता तेव्हापासून. आयुष्यभर जोपासलेलं जग लोकांच्या हाती देताना एखाद्यानं वही घट्ट धरून ठेवली असती. स्टॅफर्डच्या गोतावळ्यात मात्र उलटंच वचन रूढ झालं: तुमचा ग्लोरान्था माझ्यापेक्षा वेगळा असणार. म्हणजे कर्त्यानं लिहिलं ते प्रमाण, पण तुमच्या टेबलावर शेवटचा शब्द तुमचा.

मिनेसोटा विद्यापीठात उर्दू शिकवणारे प्राध्यापक एम. ए. आर. बार्कर यांचं टेकुमेल हेही असंच लहानपणापासून वाढवलेलं जग. त्याला स्वतःच्या भाषा, लिप्या, व्याकरण. युरोपातल्या सरदार-किल्ल्यांऐवजी तिथं भारतीय उपखंड, इजिप्त आणि मेक्सिकोतल्या प्राचीन संस्कृतींचे रंग. १९७५ मध्ये ते खेळाच्या रूपात छापलं गेलं आणि ब्लॅकमूरचा कर्ता आर्नेसन त्यांच्या टेबलावर खेळाडू म्हणून बसू लागला. बार्कर यांच्या निधनानंतर, २०२२ मध्ये, त्यांनी टोपणनावानं एक नाझीधार्जिणी कादंबरी लिहिली होती हे टेकुमेलचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेनंच मान्य केलं. तेव्हापासून टेकुमेलच्या चाहत्यांपुढं प्रश्न आहे: जग वाटून घेतलं तर त्याच्या कर्त्याचा हिशेब कसा करायचा?

उसनवारीचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. १९७४ मध्ये ‘कोल्चॅक: द नाइट स्टॉकर’ या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या एका भागात आपला राक्षस अवतरला. समोरच्याचा ज्याच्यावर विश्वास, त्याचं रूप घेणारा, आणि मंत्रून पवित्र केलेल्या बाणानंच मरणारा. गायगॅक्सनं तो भाग पाहिला आणि राक्षस बाणासकट खेळात दाखल झाला. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये डेव्हिड ट्रॅम्पियरनं त्याचं चित्र काढलं: वाघाचं डोकं, अंगात उंची झगा, हातात तंबाखूचा पाइप. सुवर्णमृग झालेला मारीच लहानपणीच ऐकलेल्या मराठी माणसाला हा साहेबी थाटाचा वाघोबा बघून हसू येईल. पण रूप पालटून फसवण्याची विद्या बघा, कथेतून टीव्हीत आणि टीव्हीतून खेळात येऊनही ती शाबूत राहिली. १९८० च्या ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’मध्ये तर इंद्र, अग्नी, वरुण यांनाही अंक आणि तक्ते चिकटले. खेळातल्या आणखी काही प्राण्यांचा उगम याहून गरीब आहे. लोखंड खाणारा रस्ट मॉन्स्टर आणि घुबड-अस्वलाचा संकर असलेला औलबेअर हे हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांवरून सुचले.

सगळंच गोडीगुलाबीनं चाललं, असं मात्र नाही. टॉल्किनच्या हक्कधारकांनी आक्षेप घेतल्यावर १९७७ च्या सुमारास खेळातले हॉबिट ‘हाफलिंग’ झाले. आर्नेसन १९७६ मध्ये गायगॅक्सच्या कंपनीत नोकरीला लागला आणि त्याच वर्षी बाहेर पडला. मानधन आणि श्रेय यावरून त्यानं १९७९ मध्ये कंपनीला कोर्टात खेचलं. १९८१ मध्ये तडजोड झाली. दोन मित्रांच्या टेबलावर जे सहज देता-घेता येत होतं, त्याची आता लाखो डॉलरमध्ये मोजदाद होऊ लागली होती.

पण याच खटल्याच्या मधल्या वर्षी, १९८० मध्ये, गायगॅक्सनं ‘वर्ल्ड ऑफ ग्रेहॉक’ छापलं. त्यातला मोठा रंगीत नकाशा उलगडा आणि नजर उत्तरेच्या थंड टोकाकडं न्या. तिथं ब्लॅकमूर आहे! दोन्ही पक्षांचे वकील कागदपत्रं जुळवत असताना शेजाऱ्याचं नाव नकाशावर जागच्या जागी होतं. ते हुबेहूब आर्नेसनचं ब्लॅकमूर नव्हतं, त्याची नुसती खूण होती. तरीही ती पुसावीशी गायगॅक्सला वाटली नाही.

पुढच्या वर्षी स्टॅफर्डच्या केऑसियम कंपनीनं तर कमालच केली. ‘थीव्ह्ज वर्ल्ड’ हा १९७९ पासून निघणारा कथासंग्रह. रॉबर्ट ॲस्प्रिननं जुळवून आणलेल्या अनेक लेखकांनी सँक्च्युअरी नावाच्या एकाच बदनाम शहरात आपापल्या कथा घडवायच्या, आणि एकाचा नायक दुसऱ्याच्या गल्लीत दिसायचा. या शहराचा खोका केऑसियमनं १९८१ मध्ये काढला, तो एक ना दोन, तब्बल नऊ वेगवेगळ्या खेळांचे आकडे देऊन. प्रतिस्पर्धी कंपन्यांचे खेळ, प्रतिस्पर्धी कर्ते, गाव एकच. त्याच सुमाराला ‘टनेल्स अँड ट्रोल्स’वाला सेंट आंद्रे पेरिनबरोबर केऑसियमसाठी ‘स्टॉर्मब्रिंगर’ हा नवा खेळ लिहीत होता.

या दिलदारपणाचा सर्वांत खट्याळ नमुना कॅनडाच्या एड ग्रीनवुडचा. पेशानं ग्रंथपाल, ‘फर्गॉटन रेल्म्स’ या अतिलोकप्रिय जगाचा कर्ता. १९९२ पासून त्यानं ‘ड्रॅगन’ मासिकात एक लेखमाला लिहिली. तिच्यात तीन जगांतले तीन जादूगार, त्याचा स्वतःचा एल्मिन्स्टर, ग्रेहॉकचा मॉर्डेन्कायनेन आणि ‘ड्रॅगनलान्स’मधला दालामार, चक्क ग्रीनवुडच्या घरी जमतात, गप्पा छाटतात आणि एकमेकांना नवे मंत्र देतात. बिचारा लेखक आपल्याच घरात चिलखतात लपून त्यांचं बोलणं टिपून घेतो. वेगवेगळ्या कर्त्यांच्या तीन विश्वांमध्ये उघडं पडलेलं हे दार, आणि देवघेव तीच जुनी: तुझा मंत्र मला, माझा तुला.

ही रीत कायद्याच्या भाषेत आली ती २०००मध्ये. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नव्या मालक कंपनीनं खेळाचा गाभा खुल्या परवान्याखाली इतरांना वापरायला दिला. त्यावर शेकडो छोटे प्रकाशक उभे राहिले, अगदी तोडीस तोड प्रतिस्पर्धीसुद्धा. जानेवारी २०२३ मध्ये परवान्याच्या अटी आवळायचा बेत बाहेर फुटला तेव्हा असा गहजब झाला की, महिना संपायच्या आत कंपनीनं माघार घेऊन मूळ नियमांचा दस्तऐवज ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’खाली कायमचा खुला केला. खेळाडूंना राग कशाचा आला असेल? पन्नास वर्षं ज्या शिवारात सगळे येत-जात होते, तिथं कुणीतरी अचानक तारेचं कुंपण घालायला निघालं होतं.

काल्पनिक जगाचा कर्ता एकट्यानं पाच हजार वर्षांचा इतिहास लिहू शकतो, पण त्याच्या भुयारात मुद्दाम चुकीच्या दारानं कोण शिरेल, हे त्याला लिहिता येत नाही. त्यासाठी पाहुणा लागतो, आणि तो स्वतः जग रचणारा असला तर उत्तमच, कारण भिंत कुठं पोकळ आहे ते त्यालाच कळतं. आर्नेसनशिवाय गायगॅक्सला भुयारं सुचली नसती आणि गायगॅक्सशिवाय आर्नेसनची टिपणं तळघरातच राहिली असती. गायगॅक्स २००८ मध्ये गेला, आर्नेसन २००९ मध्ये. २०२४ मध्ये सूत्रधारांसाठीचं नवं मार्गदर्शक पुस्तक निघालं, तेव्हा नवशिक्यांना नमुन्याचं जग म्हणून त्यात ग्रेहॉकच दिलं आहे, ते ज्यानं त्यानं आपल्या हिशेबानं बदलून घ्यावं म्हणून.